यजितखत

दोन वर्षांपूर्वी नागपंचमीच्या आदल्या रात्री मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फॉरवर्ड केला. हातात नाग धरलेला मुलगा, चेहरा अर्धवट दिसतोय. खाली लिहिलं, 'हा आपल्या गल्लीतलाच ना?'

आमचं गाव शिराळा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण इथली जिवंत नागांची मिरवणूक थांबली ती कोर्टाच्या आदेशानंतर. तेव्हापासून नाग पकडल्याचा नुसता संशयसुद्धा परवडत नाही. व्हिडिओ जुना निघाला, गावही दुसरंच. तोवर तो मुलगा दोन दिवस घराबाहेर पडला नव्हता. मी काय केलं? 'डिलीट फॉर एव्हरीवन'.

पुढे मराठेशाहीतल्या निवाड्यांबद्दल वाचताना खरं-खोटं ठरवायचे जुने जोडशब्द भेटले. बेलभंडार, म्हणजे देवाचा बेल आणि भंडारा उचलून घेतलेली शपथ. रवादिव्य, म्हणजे उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. मग हात पिशवीत बांधून मोहोर लावायची आणि नंतर उघडून बघायचं. भाजला नसेल तर माणूस खरा. इंग्रजीतही 'सूथफास्ट' होता, सत्याला धरून राहणारा. तोही वापरातून गेला.

रवादिव्य गेलं ते बरंच झालं. तेलाला सत्य कळत नाही, फक्त कातडी कळते. पण तिथे बोलणाऱ्याला स्वतःचा हात पणाला लावावा लागायचा. मी फॉरवर्ड केलं तेव्हा पणाला लागला तो दुसराच.

या शब्दांतला एक मात्र परत यावा असं वाटतं. वतनाच्या वादात गोतसभेचा निवाडा झाला की हरलेला जिंकणाऱ्याला कागद लिहून द्यायचा : माझा दावा खोटा ठरला, आता माझा हक्क नाही. त्याला यजितखत म्हणत. म्हणजे निवाडा झाला तरी काम संपत नसे. खोटं ठरलेल्यानं तसं स्वतः लिहून द्यायचं असे.

डिलीट केल्यानं माझं खोटं पुसलं गेलं नाही. माझं नाव तेवढं पुसलं गेलं. ज्यांनी वाचलं, त्यांच्या डोक्यात तो मुलगा तसाच राहिला.

म्हणून त्याच ग्रुपवर, माझ्या नावानं, उशिरा लिहिलं : तो व्हिडिओ मी टाकला होता. तो याचा नव्हता. चूक माझी.

काहींनी अंगठा दिला. त्यानं फक्त वाचलं. त्याचे दोन दिवस काही परत येणार नाहीत. पण आता तो मेसेज मी डिलीट करणार नाही.