न भिजणारं कापड

कपड्यातल्या विषारी रसायनांचा विषय निघाला की आपण आपल्या कातडीपाशी थांबतो. पुरळ उठेल का, बाळाला बाधेल का, एवढंच विचारतो. ही काळजी रास्तच आहे. इस्त्री न लागणाऱ्या शर्टाला चुण्या पडू नयेत म्हणून फॉर्मल्डिहाइडयुक्त राळ चढवलेली असते, आणि फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. ते पाण्यात विरघळतं, म्हणून दिवाळीच्या पहाटे कोरा कपडा घालायची कितीही हौस असली तरी मुलांचे कपडे आधी एकदा धुऊन घ्यावेत. काही अ‍ॅझो रंग फुटून घातक अमाईन तयार होतात. जर्मनीपाठोपाठ भारतानेही १९९७ मध्ये अशा ७० रंगांवर बंदी घातली. या गोष्टी निदान कायद्याच्या नजरेला पडल्या आहेत.

मला बोलायचंय ते पावसाच्या कपड्यांबद्दल. गोव्यातल्या पेडण्यात, तेरेखोल नदीच्या काठाला, चार महिने हाच कपडा माणसाच्या अंगावर असतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात ‘न भिजणारं’ असं लिहिलेलं जाकीट दिसलं की हात आपसूक पुढे जातो. पाणी टिकू न देणारी ही किमया बरीच वर्षं ज्या रसायनांनी साधली, त्यांना पीएफएएस म्हणतात. त्यांत कार्बन आणि फ्लोरिन यांची जोडी असते. अशा जोड्यांच्या साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या धाग्यावर उभ्या राहतात आणि थेंबाला खाली बसूच देत नाहीत. पण ही जोडी सूर्याला तुटत नाही, जिवाणूंना पचत नाही. कपडा घासून, धुऊन, शेवटी कचऱ्यात जाऊन जे सुटतं ते पाण्यात राहतं. यांपैकी पीएफओए नावाचं रसायन माणसाच्या रक्तातून निम्मं व्हायलाच दोन-चार वर्षं लागतात. २०२३ मध्ये तेही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात गेलं.

याची शिक्षा कुणी भोगली हे पाहायचं तर इटलीत जावं लागतं. व्हेनेतो प्रांतात त्रिसीनो नावाचं गाव आहे. मार्झोत्तो या बड्या कापड घराण्याने १९६० च्या दशकात तिथे एक संशोधन कारखाना काढला. तोच पुढे मितेनी या नावाने ओळखला गेला. ही रसायनं तिथे बनायची. २०१३ मध्ये कळलं की कारखान्याखालचं भूजल दूषित झालं आहे आणि सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्यात ही रसायनं आहेत. आपल्या मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन तिथल्या आया रस्त्यावर आल्या. २०१८ मध्ये मितेनीचं दिवाळं वाजलं, आणि जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या.

कारखाना बंद पडला, पण यंत्रं संपली नाहीत. एका भारतीय कंपनीने ती विकत घेतली आणि रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आणून बसवली. लोट्याचं सांडपाणी दाभोळच्या खाडीकडे जातं. तिथले मच्छीमार मेलेल्या माशांच्या तक्रारी घेऊन वर्षानुवर्षं सरकारच्या दारात उभे आहेत. आता या खाडीच्या पाण्यात काय जातं, हे नियमित तपासून त्यांच्यापुढे उघड मांडलं पाहिजे, त्यांनी मागायची वाट न बघता. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएची मर्यादा लिटरमागे चार नॅनोग्रॅमवर आणली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात मात्र या रसायनांचं नावही नाही. म्हणजे पाणी सगळ्या चाचण्यांत पास झालं तरी या एका बाबतीत त्याला कुणी प्रश्नच विचारलेला नसतो.

डिचोलीच्या आणि रेडीच्या खाणपट्ट्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. खाणीचं पाणी शेतात शिरलं की ते लाल दिसत होतं. बोट दाखवता येत होतं, म्हणून भांडता आलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबवल्या त्यामागे असं दिसणारं, बुटाला लागणारं बरंच काही होतं. फ्लोरिनचं पाणी नितळ असतं. त्याच्याविरुद्ध उभं राहायला प्रयोगशाळेचा कागद लागतो, आणि तो कागद गावाला परवडत नाही.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की पावसासाठी फ्लोरिनची गरजच नव्हती. पाणी अडवायला मेण चालतं, सिलिकॉन चालतं, साधा पॉलियुरेथेनचा थर चालतो. फ्लोरिनचं वेगळेपण तेलाला झिडकारण्यात आहे. शस्त्रक्रियेच्या किंवा आग विझवणाऱ्याच्या कपड्याला तो गुण लागत असेल. शाळेतून घरी येणाऱ्या पोराला कशाला? घरी करून बघण्यासारखं आहे. जाकिटाच्या बाहीवर एक थेंब पाण्याचा आणि शेजारी एक थेंब पातळ खोबरेलाचा सोडायचा. पाणी बहुतेक जाकिटांवर गोल राहील. तेल पसरून कापडात डाग धरलं तर बहुधा फ्लोरिन नाही. तेलाचाही टपोरा मणी तसाच उभा राहिला, बोटाने ढकलला की घरंगळला, तर फ्लोरिनचा संशय घ्यायला जागा आहे. ‘डाग न लागणारी’ पँट, सोफ्याचं कापड, टेबलक्लॉथ यांच्यावरही हे करून पाहावं.

आपल्याकडे इरलं होतं, बांबूच्या कामट्यांत पानं बसवलेलं, आणि कांबळ्याची खोळ होती. लोकरीतल्या नैसर्गिक मेणामुळे पाणी बराच वेळ वरचेवर निथळायचं. त्यांचे गोडवे गाणं मला पटत नाही. ओलं कांबळं जड होतं, वास मारतं, दोन दिवस वाळत नाही. इरल्याखाली दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने हलकं प्लास्टिकच मागितलं असतं, आणि ते तिचं चुकलं नसतं. इरलं मोडलं तर शेतातच कुजायचं, एवढा एक गुण मात्र आजच्या कुठल्याही रेनकोटला नाही.

मग घ्यायचं काय? रोजच्या जाण्यायेण्याला छत्री. अंगावर घालायचं असेल तर थर दिलेलं साधं जाड कापड, जे पाच-सहा पावसाळे जाईल. जुनं जाकीट असेल तर ते टाकू नये, फाटेपर्यंत वापरावं. फक्त त्यावर पाणीरोधक फवारा पुन्हा मारू नये. महागड्या ट्रेकिंगच्या जाकिटाला हात लावण्याआधी ‘पीएफएएस-मुक्त’ असं लिहिलंय का ते पाहावं. बाजारात तसा माल मिळतो, कारण कॅलिफोर्नियात २०२५ पासून आणि फ्रान्समध्ये २०२६ पासून अशा कपड्यांवर बंदी आली आहे. त्यांनी नाकारलेला साठा स्वस्तात आपल्या बाजारांत उतरणार नाही, याची हमी मात्र कुणी दिलेली नाही.

स्वस्तातल्या रेनकोटची गोष्ट निराळी. तो बहुधा पीव्हीसीचा असतो. फ्लोरिन त्याला लागत नाही, पण तो मऊ राहावा म्हणून त्यात थॅलेट नावाची रसायनं घालतात. मुलांच्या खेळण्यांतल्या थॅलेटवर भारतात मर्यादा आहे आणि २०२१ पासून ती सक्तीची आहे. गोवा सरकारचं शिक्षण खातं प्राथमिक शाळांतल्या मुलांना गणवेश आणि रेनकोट देतं. चांगली योजना आहे. तिच्या निविदेत दोन अटी घालाव्यात: खेळण्याला लागू असलेली थॅलेटची मर्यादा रेनकोटलाही लागू, आणि कुठल्याही कपड्यात पीएफएएस नको. चाचणीचा अहवाल पुरवठादाराने स्वतःच्या खर्चाने जोडावा. पेडण्यातला एक पालक दुकानदाराला हे विचारून थकेल. हजारो रेनकोट एकदम घेणाऱ्या खात्याला पुरवठादार नाही म्हणणार नाही.