उतरणे आणि पोचणे

प्रवास कोठे संपतो, हा प्रश्न वरवर पाहता वेळापत्रकाचा आहे. तिकिटावर ज्या स्थानकाचे नाव छापलेले असते तेथे गाडी थांबली, की रेल्वेच्या दृष्टीने प्रवास संपला. परंतु प्रवासी उतरला म्हणजे तो पोचला काय, असे विचारू लागलो की हाच प्रश्न नीतीचा होतो. ६ जानेवारी २०२५ रोजी हैदराबादच्या पूर्वेस चर्लपल्ली येथे नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, तेव्हापासून तो आमच्या मनात घोळत आहे.

आम्ही आदिलाबादकडून या प्रश्नाकडे पाहतो, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आमच्या जिल्ह्याचा आणि रेल्वेचा संबंध काहीसा चमत्कारिक आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले; रूळ मात्र होते तेथेच राहिले. त्यामुळे आजही आदिलाबादहून आपल्याच राज्याच्या राजधानीस रेल्वेने जावयाचे, तर किनवट, भोकर, मुदखेड असे महाराष्ट्रातून फिरून, धर्माबाद-बासरच्या वाटेने पुन्हा तेलंगणात शिरावे लागते. सडकेने जे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे, त्यासाठी रेल्वेचा प्रवासी एक राज्य ओलांडतो आणि परत येतो. दूरच्या माणसाला राजधानी किती दूर असते, हे आम्हांस नकाशा पाहून शिकावे लागत नाही.

आता चर्लपल्लीची बाजू प्रथम ऐकून घेऊ, कारण ती न्याय्य आहे. सिकंदराबादचे स्थानक १८७४ चे, काचीगुड्याचे १९१६ चे. ती बांधली तेव्हा नगर लहान होते. आज नगराने त्यांना चहूंकडून वेढले आहे, आणि फलाट वाढवावयास जागा उरलेली नाही. फलाट मोकळा नाही म्हणून स्थानकाबाहेर गाडी खोळंबली, की तिच्यात ताटकळतो तोही दूरचाच माणूस. तेव्हा सुमारे ४१३ कोटी रुपये खर्चून सिकंदराबाद, नामपल्ली आणि काचीगुडा यांवरील भार हलका करणारे स्थानक उभारले, यात दोष काढण्यासारखे काही नाही. जुन्या सवयीला हक्काचे नाव देऊन नव्या सोयीस विरोध करणे आम्हांस मान्य नाही.

तथापि भार हलका होतो म्हणजे तो नाहीसा होतो, असे नव्हे. बहुधा तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. पैनगंगेकाठच्या बेला किंवा जैनद भागातला एखादा शेतकरी मनासमोर आणा. त्याची बोली मराठी. तेलुगू त्याला समजते, बोलताना मात्र तो अडखळतो. आजारी आईला घेऊन तो शहरातील गांधी रुग्णालयाकडे निघाला आहे. ते रुग्णालय सिकंदराबाद स्थानकापासून फारसे दूर नाही. उद्या त्याला पहाटे चर्लपल्लीस उतरावे लागले, तर ज्या टर्मिनलने हजारोंची अर्धी घटका वाचविली, त्याने या एकाच्या वाट्यास बारा-पंधरा किलोमीटर अधिक दिले. टर्मिनल सुरू झाले तेव्हा मेट्रो तेथवर पोचलेली नव्हती. ज्याच्या हाताशी पैसा आहे, त्याला हे अंतर जाणवत नाही. ज्याच्यापाशी नाही, त्याला ते रिक्षाच्या भाड्यात, ओझ्यात आणि अपरिचित भाषेत मोजावे लागते.

येथे कोणी म्हणेल की हजारोंच्या सोयीपुढे एकाची गैरसोय ती काय! हा हिशेब संख्येचा आहे आणि तो चूक नाही; परंतु तो अपुरा आहे. हजारोंना मिळालेला लाभ थोडा थोडा वाटला गेला आहे, एकावर आलेला भार मात्र सगळा त्याच्याच डोक्यावर आहे. शिवाय तो भार त्याने पत्करलेला नाही. तो त्याला विचारल्यावाचून देण्यात आला. म्हणून ज्यांना लाभ झाला, त्यांनीच त्याच्या भाराचा वाटा उचलावा, एवढे तरी न्यायाने प्राप्त होते.

आपल्याकडे पाहुण्यास निरोप देताना वेशीपर्यंत जाण्याची रीत होती. येणाऱ्याला मात्र वेशीवर थांबवून ‘आलात हो’ असे कोणी म्हणत नसे. त्याला घरी आणून पाणी देत. नगराने आपली वेस दूर नेली, तर त्याचे कर्तव्यही तेवढेच दूर जाते. फलाट हा त्या कर्तव्याचा आरंभ आहे. रात्री-अपरात्री मिळणारी बस, परवडणारे भाडे आणि येणाऱ्याला वाचता येईल अशा लिपीतली पाटी, हे त्याचे उरलेले भाग होत. इमारतीचे उद्घाटन एका दिवसात होते. हे उरलेले काम रोज करावे लागते, आणि त्याची फीत कापण्यास कोणी येत नाही.

आमच्या गोमंतकीय वाचकांना हे नवे वाटणार नाही. पणजीस जाणारा करमळीस उतरतो आणि उरलेली वाट सडकेने काटतो. स्थानक नगराबाहेर असणे हा काही अपराध नव्हे. प्रश्न एवढाच की, मधल्या वाटेची चिंता नगराने वाहावयाची की पाहुण्याने?

परंतु हैदराबादला हा प्रश्न विचारून आम्ही मोकळे झालो, तर तो अर्धाच विचारल्यासारखे होईल. उटनूरच्या डोंगराळ भागातील गोंड वा कोलाम माणसाला आदिलाबाद हेच मोठे नगर आहे. तो येथे दवाखान्यासाठी, कचेरीतल्या कागदासाठी, पुढची गाडी धरण्यासाठी येतो. बसमधून उतरून तो उभा राहतो, तेव्हा त्याच्या भाषेत त्याला वाट सांगणारे आमच्यांत किती आहेत? खिडकीवरचा मनुष्य त्याला ‘उद्या ये’ म्हणतो, तेव्हा उद्याचे भाडे कोण देतो, हे आम्ही कधी विचारले आहे काय? राजधानीने आम्हांला जे दूरत्व दिले, तेच आम्ही न कळत खाली पोचते करीत असतो.

नगराची थोरवी त्याच्या स्थानकांच्या संख्येवरून ठरविता येईल, असे आम्हांस वाटत नाही. गाडीतून सर्वांत शेवटी उतरणारा, हातात पिशवी आणि बरोबर आजारी माणूस असलेला प्रवासी जेथे जावयाचे तेथे पोचला की नाही, यावरून ती ठरावी. तो पोचेपर्यंत त्याचा प्रवास संपलेला नाही, आणि आमचे देणेही फिटलेले नाही.