निश्चय आणि प्रमाण

ज्यास आपली राहणी बदलावयाची असते त्यास दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, सर्व आजच टाक. दुसरा म्हणतो, 'अति तेथें माती', हळूहळू चाल. खरें कोणाचें?

समजा, कोणी वर्षारंभीं ठरवितो कीं, आजपासून तंबाखू बंद, चहा बंद, पहांटे चारला उठणें आणि एकच वेळ जेवणें. पंधरा दिवसांत सारें मोडतें. तंबाखू परत आली हें लहान दुःख. 'माझ्यानें कांहींच व्हावयाचें नाहीं' असें त्याच्या मनानें घेतलें, हें मोठें.

परंतु मर्यादेचा उपदेश करणाऱ्यांसही आपलें सोलापूर एक प्रश्न विचारतें. येथें 1910 सालीं जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 सालीं पांच डॉक्टरांच्या पथकांतून युद्धग्रस्त चीनला गेले. बाकीचे परतले, ते राहिले, तेथील भाषा शिकले, रुग्णालयाचे प्रमुख झाले. अपस्माराचे झटके येत असतांही त्यांनीं काम सोडलें नाहीं, आणि 9 डिसेंबर 1942 रोजीं, वयाच्या 32 व्या वर्षीं, ते वारले. मागें पत्नी व कांहीं महिन्यांचा मुलगा राहिला.

ह्यास केवळ 'अति' म्हणावें काय? आमच्यानें तसें म्हणवत नाहीं. त्यांनीं एकदम दहा गोष्टी बदलल्या नाहींत. जें वैद्यकीचें काम येत होतें तेंच परक्या मुलखांत नेलें, व पाऊल पाऊल पुढें टाकलें. तथापि त्या त्यागाची किंमत घरच्यांनींही भरली, हें विसरूं नये. मोठा निश्चय करणाऱ्यानें प्रथम विचारावें: ह्याचा भार आणखी कोणावर पडेल?

तेव्हां प्रमाण ठरवावें तें वस्तु पाहून. जी वस्तु थोडीही घातक, जशी तंबाखू, ती पुरतीच सोडावी. दारूही तशीच, मात्र वर्षानुवर्षें फार पिणाऱ्यानें ती डॉक्टरांच्या सल्ल्यानें सोडावी, कारण एकाएकीं बंद केल्यास कधीं कधीं जिवावर बेततें. अन्न, श्रम, झोंप, दान हीं मूळचीं चांगलीं. त्यांत बदल करावयाचा तो पायरीपायरीनें.

आपला एकरूखचा तलाव 1871 सालीं पुरा झाला. त्याचा बांध अर्धामुर्धा चालला नसता. तो सबंध भक्कमच पाहिजे. पण शेतांत पाणी न्यावयाचें तें कालव्यानें, बेतानें. बांध फुटून आलेलें पाणी पीक वाढवीत नाहीं, माती वाहून नेतें. वाचकहो, निश्चय बांधासारखा असावा, आणि आचरण कालव्यासारखें.