सावज, भक्ष्य आणि काचेची पेटी

साप पाळणाऱ्यांची आपल्या शहरांत आता एक लहानशी जमात झाली आहे. देशी साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा असल्यामुळे ही मंडळी बहुधा आफ्रिकेतला बॉल पायथन पाळतात. २०२४च्या नियमांनुसार त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. या मंडळींत बसलं की वाद ठरलेला असतो: उंदीर जिवंत सोडायचा की गोठवलेला द्यायचा? वादाचं मला वावडं नाही. मला खुपतो तो त्यात हमखास येणारा एक शब्द, ‘नैसर्गिक’.

साप रानात जिवंत उंदीर खातो, मग घरात मेलेला कशाला, असं म्हणणाऱ्याच्या हातात बघा. तिथे पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा उंदीर असतो. हा वाण कुठल्याच रानातला नाही, माणसानं पिढ्यानपिढ्या निपजवलेला आहे. ज्या सापापुढे तो जाणार, त्याच्या अंगावरची पिवळी-पांढरी नक्षीही पुष्कळदा माणसानंच जोड्या लावून काढलेली असते. खरा रानातला बॉल पायथन घाना, टोगो, बेनिनच्या पट्ट्यात कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या बिळांत नाहीतर वारुळात दिवस काढतो. नायजेरियातल्या एका अभ्यासात तर लहान वयाचे हे अजगर मुख्यतः पक्षी खातात असं आढळलं. निसर्गाशी इतकं इमान राखायचं, तर पिलापुढे घरट्यातला पक्षी ठेवायला हवा! तसं कुणी करत नाही, करूही नये. पण मग निसर्गाची साक्ष तेवढी उंदरापुरतीच का काढायची?

बरं, साप मेलेलं खात नाही हेही खरं नाही. अनेक जातींचे साप रानात आयतं मढं गिळताना दिसले आहेत. बॉल पायथनच्या ओठांवरच्या खळ्यांना ऊब कळते. त्यामुळे गोठवलेला उंदीर आधी पुरता वितळवून, मग गरम पाण्यानं उबदार करून, लांब चिमट्यानं जरासा हलवला, की बहुतेक साप झडप घालतात. उलट कात टाकायला आलेल्या किंवा भूक नसलेल्या सापापाशी जिवंत उंदीर रात्रभर राहिला, तर तो सापालाच कुरतडतो. पाठीची हाडं उघडी पडेपर्यंत कुरतडलेले साप पशुवैद्यांनी पाहिलेले आहेत. हाही निसर्गच म्हणायचा का?

गोठवलेला उंदीर म्हणजे अहिंसा, हा मात्र भाबडेपणा आहे. तोही बहुधा कार्बन डायऑक्साइडनं गुदमरवून मारलेला असतो. (नागाला दूध पाजून पुण्य जोडणाऱ्या समाजाला असा भाबडेपणा नवा नाही.) आणि सापच पाळू नये म्हणणाऱ्यांचं बरोबर असेलही, पण जो पाळला गेला आहे तो काही पालेभाजी खाणार नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. ‘सावज’ आणि ‘भक्ष्य’ हे शब्द आपण सरमिसळ करून वापरतो. मला त्यांत फरक दिसतो. सावजाला पळायला वाट असते. ते निसटू शकतं, शिकाऱ्याचा नेम चुकू शकतो, आणि रानात तो चुकतोच. भक्ष्य ताटातलं असतं. चार फुटांच्या काचेच्या पेटीत सावज असूच शकत नाही. तिथे सोडलेला उंदीर पहिल्या क्षणापासून भक्ष्यच असतो. धडधडत्या छातीनं कोपरे हुंगतो म्हणून आपण त्याला सावज समजतो. सापाला भक्ष्य पुरतं. सावज हवं असतं ते पेटीबाहेरच्या कुणाला तरी.

काही साप, विशेषतः रानातून धरून आणलेले, मेलेल्याला तोंड लावत नाहीत, हे मला मान्य आहे. तिथे मी माघार घेतो. पण लगेच विचारावंसं वाटतं की ताजा मारलेला देऊन पाहिला का? थोडं थांबून पाहिलं का? धडधाकट बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. थांबणं जड जातं ते बहुधा मालकाला.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात, केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला कोंडून दुसऱ्याच्या तोंडी देणं हा गुन्हा ठरवला आहे. पोट भरण्यासाठी दिलेल्या उंदराला ते लागू होतं की नाही, हे वकिलांनी बघावं. मला त्यातली ‘करमणूक’ महत्त्वाची वाटते. दात कुणाचे, यापेक्षा खेळ कुणासाठी, हे तो कायदा विचारतो.

ओळखीतल्या एका तरुणानं मला मुद्दाम हा ‘निसर्ग’ दाखवायला बोलावलं होतं. दिवा मंद केला, फोन सरसावला, उंदीर सोडला. साप वेटोळं घालून ढिम्म. उंदरानं पाण्याचं भांडं हुंगलं, मग सापाच्याच पाठीवर चढून तो मिशा साफ करू लागला. अर्ध्या तासानं तरुणानं दिवा लावला, उंदीर बाहेर काढला आणि दुकानदाराला फोन लावला. म्हणाला, ‘‘हा फारच सुस्त निघाला. जरा चपळ असेल तर द्या ना.’’