तोंड लावीना

परभणीकडच्या गोठ्यात पेंड चांगली की खराब, हे आधी ढोर सांगतं. भिजवलेल्या सरकीच्या पेंडीला बुरशीचा वास लागला, की म्हैस गव्हाणीत घातलेलं तोंड काढून घेते. मालक म्हणतो, "तोंड लावीना." तेवढ्यावर पोतं बाजूला पडतं.

मालकाला दिसतो तो निकाल. सुनावणी त्याआधीच, नाक-जिभेकडून मेंदूकडे जाणाऱ्या विद्युत-स्पंदांत होऊन गेलेली असते. ती ऐकता आली तर?

कार्ल फाफमन यांनी 1941 साली मांजराच्या जिभेकडून निघणाऱ्या चेतातंतूंचे स्पंद टिपले. प्रत्येक चवीला आपला वेगळा तंतू असावा, असं सहज वाटतं. तसं निघालं नाही. आंबटाला जागा होणारा तंतू खारटालाही जागा होई, दुसरा आंबटाला आणि कडूला. म्हणजे एकट्या तंतूच्या साक्षीवर चव ठरत नाही; पुष्कळांचं बोलणं एकदम ऐकावं लागतं. नुसत्या टाळावरून अभंग कुठला ते कळत नाही, तसंच हे.

अलीकडे चीनमधल्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच वाट पुढे नेली. उंदराच्या मेंदूत चवीची जाण जिथे होते, तिथे बारीक तारा बसवल्या, जिभेवर चवीचे द्रव सोडले आणि स्पंदांच्या ठेवणीवरून चव ओळखायला संगणकाला शिकवलं. कडूच्या बाबतीत तर उंदीर आणि संगणक मिळून झालेली ही जिवंत जीभ अतिसूक्ष्म प्रमाणही पकडते. उंदराला काय वाटत असेल, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

पण यंत्राला कळतं ते उंदराचं कडू. मांजराला साखर गोड लागतच नाही. गोडाची जाण देणारं एक जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे, हे 2005 साली कळलं. त्याच्या मेंदूत तार घालून मिठाईची परीक्षा कशी घेणार?

आणि जिभेला रुचलं ते पोटाला पचेलच असंही नाही. 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' अशा वाणांच्या या ज्वारीच्या मुलखात ते दावणीपाशीच कळतं. कोवळ्या, विशेषतः पावसाने ओढ दिलेल्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. चघळल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. भुकेलं ढोर ते हिरवं पोंगं आवडीने ओरबाडतं. जीभ तक्रार करत नाही, आणि थोड्याच वेळात ढोर धापा टाकत आडवं होतं. याला गावात किराळ लागणं म्हणतात. ते टाळायला ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत राखणदार बांधावर बसून राहतो.