मूल झोपले असताना निघून जावे का?



बोटीवर किंवा गल्फला नोकरीस असलेले वडील आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत. सुट्टी संपते आणि परतीची रात्र येते. विमान पहाटेचे असते, म्हणून टॅक्सी मध्यरात्रीच अंगणात उभी राहते. बॅगा आवाज न करता बाहेर काढल्या जातात. कोणीतरी हळूच म्हणते, "बाबूला उठवू नका, उगाच रडेल." वडील झोपलेल्या मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि निघतात. सकाळी मूल उठते, बाथरूमचे दार ढकलून पाहते, ओटीवर जाते, मागच्या वाडीत डोकावते. मग विचारते, "पपा कुठे?" घरातले मोठे माणूस उत्तर देते, "बाजारात गेलेत, येतील हं."

संध्याकाळी पपा येत नाहीत. दुसऱ्या दिवशीही येत नाहीत. चार-पाच दिवसांनी मूल विचारायचे थांबते आणि आपण सुटकेचा श्वास टाकून म्हणतो, "चला, विसरला एकदाचा."

तो खरोखर विसरलेला असतो का? आणि विसरला असला तरी त्याला असे फसवण्याचा आपल्याला अधिकार होता का? हा प्रश्न लहान वाटतो, पण तो घराघरातला आहे. आजीला इस्पितळात न्यायचे आहे, आईची नोकरीची पाळी बदलली आहे, भाड्याचे घर सोडायचे आहे, बाळंतपण जवळ आले आहे. अशा प्रत्येक वेळी मुलांना सांगायचे की नाही आणि सांगायचे तर काय, हे आपण घाईत ठरवतो. बहुधा न सांगण्याकडेच आपला कल असतो.

न सांगणाऱ्यांना मी कठोर म्हणणार नाही. ते प्रेमापोटीच तसे वागतात. दाराशी मुलाने पायाला मिठी मारली तर बापाचे पाऊल उचलत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मुलाचे तासाभराचे रडणे वाचते, बापाची पुढच्या प्रवासातली तळमळ थोडी कमी होते. हिशेब सरळ दिसतो. पण जरा थांबून पाहिले की कळते, यात वाचवलेले रडणे बरेचसे आपल्याला ऐकावे लागणारे रडणे असते. मुलाच्या वाट्याचे रडणे त्याला एकट्याने, कारण न समजता, बाथरूमच्या दाराशी भोगावे लागतेच.

लहान मुलाला घड्याळ समजत नाही, कॅलेंडर तर नाहीच. दूधवाल्याची हाक आली की सकाळ, शाळेची रिक्षा आली की निघायचे, आजीने जपमाळ हातात घेतली की संध्याकाळ झाली. या खुणांवर त्याचा दिवस उभा असतो. आपण त्याला दिनक्रम म्हणतो. मुलाच्या लेखी ते मोठ्यांनी दिलेले वचन असते, रोज पाळले जाणारे. ते कधीतरी मोडणारच, आयुष्यच तसे आहे. पण कोणी काही न बोलता ते मोडले, तर मूल एकच धडा घेते: मी झोपलो की माणसे नाहीशी होतात. त्यानंतर ते रात्री झोपायला तयार होत नाही, आई न्हाणीघरात गेली तरी दाराबाहेर बसून राहते, आणि आपण तक्रार करतो की पोर फार चिकट झाले आहे.

मुलाच्या गप्प बसण्याने आपली कशी फसगत होते, हे दाखवणारा एक जुना चित्रपट आहे. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली तो तयार केला. दोन वर्षांची लॉरा नावाची मुलगी छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहते, एवढीच त्याची गोष्ट. त्या काळी तेथील इस्पितळांत आईवडिलांना मुलांजवळ थांबू देत नसत, भेटीवरही कडक बंधने असत. गप्प पडून राहिलेली मुले इस्पितळात रुळली, असेच डॉक्टर आणि परिचारिकांना वाटे. लॉरा फार आक्रस्ताळेपणा करत नाही. ती आपले टेडी अस्वल घट्ट धरून बसते, मधूनमधून आईबद्दल विचारते आणि रडू आवरायचा प्रयत्न करते. ते पाहणे कठीण जाते. अनेक डॉक्टरांनी प्रथम या चित्रपटाला विरोध केला. पण १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने शिफारस केली की मुलांना भेटण्याची मोकळीक आईवडिलांना द्यावी आणि लहानग्यांसोबत आईला राहू द्यावे. आज आपल्याकडे बालरुग्णाच्या खाटेजवळ आई बसलेली दिसते, तेव्हा एके काळी हेही पटवून द्यावे लागले होते, याची कोणाला आठवणही नसते.

संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलण्याविषयी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणतेही खोटे, चांगल्या हेतूने बोललेलेसुद्धा, योग्य मानले नाही. इतके कडक राहणे आपल्यासारख्या संसारी माणसांना जमेल असे मला वाटत नाही. शिवाय सगळेच आधी सांगणे शहाणपणाचे नसते. तीन वर्षांच्या मुलाला "पपा पुढल्या महिन्यात जाणार" असे सांगून ठेवले तर बिचारे महिनाभर रोज बापाची बॅग तपासत बसेल. खरे सांगायचे, पण मुलाच्या हाताला पेलेल एवढेच. दोन दिवस आधी पुरे. "दोनदा झोपून उठलास की पपा जाणार. मग खूप रविवार जातील, नाताळचा गोठा लागेल, तेव्हा येणार." महिन्यांपेक्षा गोठा त्याला चांगला समजतो. स्वमग्न मुलांच्या बाबतीत तर याची जास्तच गरज असते. वाटेतला नेहमीचा रस्ता बदलला तरी ती कावरीबावरी होतात. त्यांचे शिक्षक दिवसाचा क्रम चित्रांनी मांडून भिंतीवर लावतात आणि बदल असेल तर आधी चित्र बदलून दाखवतात. खरे तर प्रत्येक घरात असा एक कागद असायला हरकत नाही.

पण मोठ्यांनाच ठाऊक नसेल तर? तसा प्रसंग आपण सर्वांनी भोगला. २४ मार्च २०२० च्या रात्री २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. मुलांना आपण सांगितले, तीन आठवडे थांबा. मग आणखी थोडे, मग आणखी. त्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी प्रथम कम्युनियनचे सोहळे पुढे ढकलले गेले. शिवून ठेवलेले पांढरे फ्रॉक कपाटातच आखूड झाले. राज्यातील चर्च १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. पहिली ते चौथीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. त्या काळात "पुढच्या आठवड्यात नक्की" असे आपण मुलांना किती वेळा सांगितले असेल! "मला माहीत नाही, पण कळले की सगळ्यात आधी तुला सांगेन" एवढे म्हणायला आपल्याला कमीपणा वाटला. ज्या घरांत सगळे बंद असतानाही संध्याकाळची जपमाळ ठरल्या वेळी, ठरल्या जागी झाली, तिथे मुलांना धरायला निदान एक खुंटी होती.

दुसऱ्यांचे कशाला सांगू? माझ्या धाकटीच्या वेळी मी थोरल्याला, तो चार वर्षांचा होता, "एक रात्र मामाकडे राहा" म्हणून पाठवले. एक रात्र नाही, आठवडा जाणार, हे मला पक्के ठाऊक होते. मामीने त्याचे सर्व लाड केले. आठव्या दिवशी तो घरी आला तो चपला न काढता उंबऱ्याशीच उभा राहिला. बाळाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. मला विचारले, "आज खरंच घरी?" मी हो म्हटले. त्याने मामाकडे वळून तेच पुन्हा विचारले. माझ्या एकट्याच्या शब्दावर त्याचा भरवसा उरला नव्हता. तो परत यायला बरेच महिने लागले. त्या काळात मी "पाच मिनिटांत येते" म्हटले की पाच मिनिटांतच येण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली.

योहानच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांना आपण जाणार हे आधीच सांगतो. शिष्यांची मने दुःखाने भरून येतात, तरी तो सांगायचे टाळत नाही. त्यांचे दुःख त्याला दिसते आणि तो त्यांच्याजवळ बसून बोलत राहतो. हे वाचताना मला नेहमी ती अंगणातली टॅक्सी आठवते.

आमच्या शेजारचा एक बोटीवाला गेल्या खेपेस निघताना मुलाला उठवून गेला. मूल रडले, चांगले मोठ्याने रडले, आळीत दोन-तीन घरांचे दिवे लागले. मग बापाच्या कडेवरून फाटकापर्यंत गेले, टॅक्सीत वाकून बॅगा मोजल्या, "स्वेटर घेतला?" म्हणून विचारले. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ते आईच्या खांद्यावर झोपले. सकाळी उठल्यावर त्याने पपांना कुठेच शोधले नाही. शाळेच्या रिक्षात बसताना मुलांना सांगितले, "माझे पपा बोटीवर गेले. मी सोडायला गेलो होतो."