जुने अरण्य आणि प्रतिकृतीचा प्रश्न

जुने अरण्य तोडून अन्यत्र तेवढ्याच, किंबहुना दुप्पट, क्षेत्रावर झाडे लावली तर हानी भरून निघते काय? ‘पर्यायी वनीकरण’ ही प्रशासकीय संज्ञा या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर गृहीत धरते. रॉबर्ट एलियट याने १९८२ मधील आपल्या निबंधात अशा पुनर्निर्मित निसर्गाची तुलना बनावट चित्राशी केली. प्रतिकृती मुळाशी तंतोतंत जुळली तरी तिचा उगम वेगळा असतो आणि मूल्य उगमातही असते, असा त्याचा युक्तिवाद आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला यातील अडचण चटकन जाणवेल. चित्राची अस्सलता कर्त्यावरून ठरते; अरण्याला कर्ता नाही. म्हणून एलियट मानवी हस्तक्षेपाच्या अभावावर भिस्त ठेवतो. सह्याद्रीतील देवराई ही भूमिका अपुरी ठरवते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात अभ्यासलेल्या या राया वस्तीच्या निकट, काळकाई-वाघजाईच्या नावे राखलेल्या आहेत. अनेक ठिकाणी वाळलेले लाकूडही नेण्यास मनाई असे. पडलेले खोड तेथेच कुजे. देवराई माणसाने निर्मिली नाही, पण टिकवली ती त्यानेच, पिढ्यानपिढ्या न केलेल्या कृतींतून. तिच्या उगमात मानवी अनुपस्थिती नसून मानवी संयम आहे. रोपवन क्षेत्रफळ परत देईल. हा संयम नव्हे. मोडलेल्या वचनाच्या बदल्यात नवे वचन दिल्याने पहिले पाळले गेले असे होत नाही.

हा संयम देवतेच्या कोपाच्या भयातून आला, मग त्याला नैतिक का म्हणावे, हा आक्षेप गंभीर आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठीच राईतील वृक्ष तोडले गेल्याची उदाहरणे आहेत. तेथे श्रद्धा उरली, राई गेली. अर्थात श्रद्धा ही अरण्याची हमी नव्हे. तथापि भय हे संयमाचे कारण असले, तरी त्याचा संपूर्ण अर्थ नव्हे. ‘राखणे’ या क्रियापदात रक्षण करणे आणि न वापरता ठेवणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ हा शब्द, मालकी कोणाचीही असो, कोशातील अर्थाने घ्यावा असा निर्वाळा दिला. त्याने संरक्षणाची व्याप्ती वाढली. परंतु कोशार्थात अरण्याचे वय येत नाही. भय ओसरल्यानंतर हे वय कशाच्या आधारे राखायचे, याचे उत्तर कायद्याला एकट्याने देता येणार नाही.